न धुतलेला दगड

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि ते रास्तच आहे. मीही चार वर्षं तुझा उचलला नव्हता. पत्राचं बरं असतं, ते वाजत नाही. वाटेल तेव्हा उघड, नाहीतर राहू दे.

कळवायचं ते असं, की दाजींची काचेची टाकी मी माळ्यावरून खाली काढली आहे. तू 'घेऊन जा, मला बघवत नाही' म्हणालीस तेव्हापासून तिच्यात जास्तीच्या रजया होत्या. आता रजया कपाटावर गेल्या आहेत आणि टाकी पुढच्या खोलीत भिंतीला लागून आहे. तिच्यात खारं पाणी भरून मासे पाळायचा विचार आहे. हस खुशाल. माती सांडते म्हणून जिने घरात कधी कुंडी ठेवली नाही, तिला निवृत्त झाल्यावर समुद्र पाळायची हौस आली.

हौस नाही, कारण आहे. मागच्या आठवड्यात तुझ्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, मावशी, आईचं बाहेर पडणं बंद होत चाललंय. तू म्हणे कोपऱ्यापर्यंत जातेस आणि परत येतेस, घरातलं एकेक बटन हात लावून बघतेस, पुन्हा निघतेस, पुन्हा येतेस. कधी चारदा, कधी सहादा. डॉक्टरांची वेळ दोनदा चुकली. तिने खोदून विचारलं तेव्हा तू म्हणालीस, 'माझ्या हातून एकदा पंप बंद राहिला होता.'

मला वाटलं होतं, ते तू विसरली असशील.

सहा वर्षं झाली त्याला. दाजी गेल्यावर तू त्यांच्या कचेरीचे कागद पुरे करायला पाच दिवस परगावी गेलीस, मी दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली घेऊन तुझ्या घरी आले, आणि तू परतलीस त्या सकाळी दाजींचे तिन्ही मासे मेलेले होते. निघताना तू सगळी बटनं बंद केलीस, त्यात टाकीचाही पंप बंद झाला आणि रात्रभर तसाच राहिला, असं ठरलं. तेव्हापासून ते तसंच धरलं गेलं.

तर माझं म्हणणं असं, की नुसतं 'जाऊ दे गं' म्हणण्यात अर्थ नाही. एकदा टाकी लावावी आणि मासे नक्की कशाने जातात ते पाहावं. इस्पितळात आमच्या खात्यात संशय आला की वाद घालत नसत, तपासणी करत. तपासून जे निघेल ते तुला कळवीन.

तुझी धाकटी

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सामान आलं. ज्याच्याकडून घेतलं तो माणूस एका बोळात दुकान चालवतो, वरून खाली टाक्याच टाक्या, मध्ये तो. वयाने माझ्याहून बराच लहान, पण माझ्याशी बोलतो ते शाळेत उशिरा आलेल्या मुलीशी बोलावं तसं. मी त्याला टाकीवाला म्हणते. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, मासे कधी हवेत? मी म्हटलं, रविवारी. तो म्हणाला, कुठल्या महिन्यातल्या?

म्हणजे आधी गाळलेलं पाणी भरायचं, त्यात खास मीठ मोजून विरघळवायचं, पंप लावून ते फिरतं ठेवायचं, गरम ठेवायचं, आणि मग महिना-दीड महिना नुसतं बघत बसायचं. पाण्यात काय असतं? काही नसतं. तेच तर यायचं असतं, म्हणाला. काय यायचं असतं ते विचारलं तर म्हणे, जंतू.

ताई, मी चौतीस वर्षं इस्पितळातल्या निर्जंतुक खोलीत काढली. शस्त्रक्रियेची प्रत्येक कात्री, प्रत्येक चिमटा माझ्या वाफेच्या यंत्रातून जायचा. दाजी मला 'स्वच्छता खातं' म्हणायचे ते उगाच नाही. आणि हा मला सांगतो की माशांची घाण खाणारे जंतू टाकीत बसले नाहीत, तर मासे स्वतःच्याच घाणीने मरतात. मी मान डोलावली. घरी येऊन हात धुतले.

पाणी भरलं आहे. खारेपणा मोजायला एक छोटी नळी दिली आहे, तिच्यात एक थेंब टाकून उजेडाकडे धरायची. पस्तीस यायला हवा, पस्तीस आला. माप घेण्यात मी चुकत नाही हे तुला ठाऊक आहे.

धाकटी

२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आज दगड आणले. 'जिवंत दगड' म्हणतात त्यांना. म्हणजे दगड दगडच, पण समुद्रात वर्षानुवर्षं पडून त्याच्या भोकाभोकांत ते जंतू घर करून बसलेले असतात. ओल्या कागदात गुंडाळून दिले. वास असा की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

मी टाकीवाल्याला सहज विचारलं, टाकण्याआधी किती वेळ उकळू? त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"बाई, उकळायचे असतील तर बटाटे घ्या," तो म्हणाला. "हे उकळाल तर दगड मरेल, आणि त्यावर एखादा विषारी जीव असला तर त्या वाफेने तुम्हीही आजारी पडाल."

मग त्याने मला बजावलं, की उकळायचे नाहीत, घासायचे नाहीत, नळाखाली तर अजिबात धरायचे नाहीत. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. लागलंच तर टाकीतल्याच पाण्यात हलवून काढायचे.

एवढा वेळ मी काउंटर धरून उभी होते. त्याला वाटलं मला दगडांच्या वासाने गरगरतंय, त्याने स्टूल दिलं.

न धुता दगड टाकीत ठेवणं मला किती जड गेलं ते काय सांगू. हात नुसते शिवशिवत होते. ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासली. हो, तुझ्या लेकीकडे केलं होतं तसंच. तुझ्या हातचा धुतलेला कप मी पुन्हा धुतला आणि तू म्हणालीस, 'तुला माझ्या हातचं धुतलेलंही चालत नाही', आणि मी पर्स उचलून निघून आले. त्यावर चार वर्षं अबोला. तुझं काही चुकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला निमित्तच हवं होतं.

पंपाचंही विचारलं त्याला. रात्रभर बंद राहिला तर मासे जातात का? तो म्हणाला, नक्की सांगता येत नाही.

धाकटी

१८ मार्च

प्रिय ताई,

टाकीत काय काय निघतंय बघ. काचेवर तपकिरी लेप चढला आहे. टाकीवाला म्हणतो, चढू द्या. एका दगडावरून मोहरीएवढी गोगलगाय निघाली. मोठ्या दगडाच्या भोकातून दिवा मालवला की दोऱ्यासारखे बारीक पाय बाहेर येतात. तो एक तारामासा आहे म्हणे, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मी विकत घेतलेला नाही, दगडात राहायला होता, दगडाबरोबर आला. न धुतल्यामुळे वाचला.

पाण्याची तपासणी रोज करते. पाणी लहान नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. हिरवा आला तर पाण्यात अमोनिया, म्हणजे घाणीतून निघणारं विष. पिवळा आला तर नाही. माझी पंचाईत अशी, की आमच्याकडे उलटं होतं. दर सोमवारी जिवंत जंतूंची एक कुपी वाफेच्या यंत्रात गठ्ठ्याच्या मधोमध ठेवायची आणि दुसरी तशीच कुपी बाहेर ठेवायची. मग दोन्ही उबेत. बाहेरची पिवळी झालीच पाहिजे, म्हणजे कुपीतले जंतू खरोखर जिवंत होते हे कळतं. तिला आम्ही कंट्रोल म्हणायचो. आणि आतली पिवळी झाली तर सगळा माल परत, चौकशी, खुलासा. चौतीस वर्षं मी आतल्या कुपीत पिवळा दिसू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसले. आता तोच पिवळा दिसावा म्हणून बसले आहे. सध्या गडद हिरवा आहे, दगडांवर वाटेत जे मेलं ते कुजतंय म्हणून.

पाणी रोज बोटभर कमी होतं, उडून जातं. ते मी रोज काटेकोरपणे भरते, अगदी पस्तीसचंच खारं पाणी तयार करून. एक दिवस चुकवलेला नाही.

धाकटी

२७ मार्च

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं.

वर मायना नाही, खाली सही नाही, मध्ये एक ओळ. 'उडालेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घालायचं, मीठ उडत नाही, ते सांगायचे.' मी लगेच नळी उजेडाकडे धरली. एकोणचाळीस. पस्तीसचं माप एकदा घेतलं म्हणून मी पुन्हा घेतलंच नव्हतं, आणि मिठात मीठ घालत बसले होते. माप घेण्यात मी चुकत नाही, असं कोण म्हणालं होतं?

टाकीवाल्याने तुझ्याच शब्दांत तेच सांगितलं, आणि वर, कुणी सांगितलं तुम्हाला, असंही विचारलं. मी म्हटलं, माझ्या बहिणीने. हे वाक्य मी चार वर्षांत उच्चारलं नव्हतं.

थोडं थोडं साधं पाणी घालून खाली आणते आहे. आज सदतीस. तारामासा ठीक आहे.

कार्ड मी टाकीच्या कडेला टेकवून ठेवलं होतं. तिथे काचेवर मिठाची पांढरी किनार धरते, ती कार्डाला लागली. पुसली नाही.

धाकटी

८ एप्रिल

प्रिय ताई,

परवा पिवळा आला. मुद्दाम थोडं अमोनिया टाकून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळा. म्हणजे जंतू बसले, विष खायला लागले. टाकीवाला म्हणाला, आता मासे न्या. मी म्हटलं, इतक्यात नको. त्याला कारण सांगितलं नाही.

तुला दाजींचे मासे आठवतात ना? ते दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, मालक आणि मालकीण. आणि तिसरा तो दगडावर हनुवटी टेकून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसणारा, वॉचमन. मालक-मालकीण अकरा वर्षं होते. दाजी कामावरून आले की दोघं काचेशी येत. शेवटच्या महिन्यात दाजी उठू शकत नव्हते तेव्हा तू त्यांचा पलंग टाकीसमोर आणलास.

त्या पाच दिवसांबद्दल लिहायचं आहे. मी तुझं घर आवरलं होतं, ते तुला माहीत आहेच. परत आल्यावर तू म्हणालीही होतीस, घर कसं लख्ख दिसतंय. टाकीही पुसली होती, बाहेरून.

पुढचं पुढच्या पत्रात.

धाकटी

९ एप्रिल

ताई,

बाहेरून नव्हे.

धाकटी

१६ एप्रिल

प्रिय ताई,

तू काही लिहिलेलं नाहीस, तेच बरं. मला आधी पुरावा हातात हवा आहे. तोपर्यंत मी जे म्हणेन त्याला काही किंमत नाही, ते माझ्या बाजूने असो की विरुद्ध. मनातून मला अजूनही वाटतं की निकाल माझ्या बाजूने लागेल. हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकबूल करता येणार नाही.

दोन बादल्या आणल्या आहेत, नव्या. दोन्हींत टाकीतलं पाणी, सारखंच. दोन्हींत एकेक छोटा पंप, दोन्ही उबदार. टाकीतले दोन दगड निवडले, जवळजवळ एकाच वजनाचे. त्यांतल्या एकात तारामासा राहत होता. तो निघून दुसऱ्या दगडात जाईपर्यंत तीन दिवस थांबले. घाई मला परवडण्यासारखी नाही, आणि त्याचा यात काही दोष नाही.

पहिला दगड तसाच्या तसा बादलीत ठेवला. ती कंट्रोल.

दुसरा दगड मी धुतला. त्या दिवशी धुतले होते अगदी तसा. नळाचं कढत पाणी, ताठ ब्रश, बादलीभर पाण्यात दोन झाकणं ते फरशी पुसायचं औषध, मग भरपूर पाण्याने खळखळून. वीस मिनिटं लागली. हात आपोआप चालत होते, ताई. ब्रश कुठल्या भोकात कसा फिरवायचा ते त्यांना आठवत होतं. दगड पांढराशुभ्र निघाला, आणि एक क्षण मला समाधान वाटलं. ते मी लपवत नाही.

दोन्ही बादल्यांत सारखं अमोनिया टाकलं आहे. दोन्हींचा रंग आज सारखा, हिरवा. दररोज सकाळी नऊला बघणार.

धाकटी

२१ एप्रिल

प्रिय ताई,

न धुतलेल्या दगडाची बादली: पहिल्या दिवशी फिकट हिरवी, दुसऱ्या दिवशी पिवळसर, तिसऱ्या दिवशी पिवळी. त्यानंतर पिवळीच.

धुतलेल्या दगडाची बादली: पहिल्या दिवशी हिरवी. दुसऱ्या दिवशी हिरवी. तिसऱ्या दिवशी जास्त हिरवी, कारण दगडात जे मेलं ते कुजायला लागलं. आज पाचव्या दिवशी, रंग जुळवायला जो तक्ता मिळतो त्यावर त्यापुढचा रंगच नाही.

पाचव्याच दिवशी गेले होते तुझे मासे.

आता सांगते. तू मध्ये थांबून वाचलंस तरी चालेल.

मी सकाळी तुझ्या घरी आले. दाजींच्या पलंगाखाली औषधांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या, चादरींना आजारपणाचा वास होता. तू परत आल्यावर तुला ते काही दिसू नये असं मला वाटलं. मला सांत्वन करता येत नाही, ताई. लोक जवळ बसून पाठीवरून हात फिरवतात, तसं मला कधी जमलं नाही. मला स्वच्छ करता येतं. म्हणून मी सगळं घर धुऊन काढलं, आणि शेवटी टाकीपाशी आले. दगडांवर जांभळट, तपकिरी काय काय साचलं होतं, रेतीत गाळ होता. दाजींना महिनाभर साफ करता आली नाही, असं मी धरून चालले. मासे बादलीत काढले. दगड धुतले, रेती सात पाण्यांनी धुतली, पंपातला स्पंज नवा घातला. दाजींच्या वहीत बघून मीठ मोजून नवं पाणी केलं. टाकी दुकानात असते तशी झाली. मासे परत सोडले तेव्हा मी म्हटलंसुद्धा, घ्या, ताई आली की खूष होईल.

तिसऱ्या दिवशी ते वर येऊन तोंडं उघडू लागले. मला वाटलं, भूक लागली, म्हणून जास्त खायला घातलं. चौथ्या दिवशी वॉचमन दगडावरून घसरून खाली पडला. पाचव्या दिवशी सकाळी तिन्ही. मालकीण सगळ्यांत शेवटी.

दुपारी तू आलीस. तू टाकीकडे पाहिलंस, मग भिंतीवरच्या बटनांकडे पाहिलंस, आणि तूच विचारलंस, "मी निघताना पंप बंद केला का गं? तू आलीस तेव्हा बंद होता?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. मी ठरवून आले नव्हते. तू विचारलंस आणि मला पळवाट दिसली. तुझ्या चेहऱ्याकडे बघून एखाद्या तासाने तरी सांगता आलं असतं, दुसऱ्या दिवशी, महिन्याने. मी मूग गिळून बसले. मग तुझ्यासमोर येणं टाळलं, मग फोन टाळला, मग कपाचं निमित्त मिळालं.

पंप चालू होता, ताई. मी दार उघडलं तेव्हा अंधाऱ्या घरात तोच एक आवाज येत होता. तू घरातली सगळी बटनं बंद केली होतीस आणि ते एक बरोबर ठेवलं होतंस.

आणखी एक. टाकीवाला 'सांगता येत नाही' असं म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, रात्रभर बंद होता आणि मासे पाचव्या दिवशी गेले, तर ते पंपाने नाही गेले, बाई, दुसरं काहीतरी झालं. फेब्रुवारीतच म्हणाला होता. मी तुला वेगळं लिहिलं. तेव्हाही मी सुटायची वाट शोधत होते.

तू माझ्यावर रागाव, नको रागावूस, ते तुझं. पण बटनं बघायला परत जाऊ नकोस. तुझ्या हातून काहीही बंद राहिलं नव्हतं.

मला फार वाईट वाटतं. हे वाक्य मी आधी शेवटी लिहिलं होतं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

धाकटी

११ जून

भाचीबाई,

तू फोनवर सारखं विचारतेस की आई तिकडे काय करते आहे, आणि मी 'बरी आहे' एवढंच म्हणते, कारण ती शेजारच्या खोलीत असते. आज ती दुपारच्या गाडीने निघाली. हे पत्र पोचेल तोवर ती तुझ्याकडे येऊन दोन दिवस झाले असतील. पण कुणाला तरी सगळं लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि तिला लिहायचं होतं ते लिहून झालं.

माझ्या एप्रिलच्या पत्राला सात आठवडे उत्तर नव्हतं. तू म्हणालीस, तिने ते वाचलं, घडी घालून कपाटात ठेवलं आणि चहा केला. मग परवा दारात उभी. हातात एक पिशवी, पाय धुवायला सरळ आत. माझ्याकडे बघितलंच नाही, टाकीसमोर खुर्ची ओढून बसली.

बराच वेळ बसली. टाकीत मासे नाहीत अजून. तपकिरी दगड, गोगलगायी आता चार झाल्या आहेत, आणि तो धुतलेला दगड. तो मी फेकला नाही. आठवडाभर साध्या पाण्यात भिजवून टाकीच्या कोपऱ्यात ठेवला. टाकीवाला म्हणाला, शेजारच्या दगडांवरचे जंतू हळूहळू त्यात जातील, महिने लागतील. अजून बाकीच्यांत तो पांढरा उठून दिसतो. तिने बोट दाखवून विचारलं, हाच का? मी म्हटलं, हाच.

मग तिने मान न वळवता विचारलं, "पंप चालू होता?"

"हो."

"तू दार उघडलंस तेव्हा."

"चालू होता. आवाज येत होता."

ती म्हणाली, "मी रोज त्यांच्या फोटोपुढे माफी मागते. सहा वर्षं. सकाळी दात घासले की पहिलं तेच."

माफी मागायची तर मी तिच्याकडे मागायची होती, आणि ती तर तिने माझ्या वाट्याची सहा वर्षं मागून ठेवली होती. मी उठून तिच्यासाठी पाणी आणलं. तिने पेला हातात घेतला, उजेडाकडे धरून नीट निरखला, आणि माझ्याकडे पाहत उठली. मोरीपाशी जाऊन पुन्हा धुतला, मग पाणी प्याली. ते मला लागावं म्हणून केलं होतं, आणि लागलं. पण तिच्या तोंडाचा कोपरा जरा हलला, तेही मी पाहिलं.

दोन दिवस राहिली. तिने मला दाजींची वही दिली, पिशवीत तीच होती. रोजचं तापमान, खारेपणा, कोणी किती खाल्लं. शेवटचा महिना तिच्या अक्षरात आहे. शेवटच्या पानावर, ती परगावी निघाली त्या संध्याकाळी, 'तिघं ठीक. पंप ठीक.' असं लिहिलं आहे. म्हणजे तिनेच बघून, लिहून ठेवलं होतं. मी तिला ते दाखवलं. ती म्हणाली, माहीत आहे, हजारदा वाचलंय, पण तू 'हो' म्हणालीस ना, मग माझ्या लिहिण्यापेक्षा मला तुझं खरं वाटलं.

मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तूही तिला विचारू नकोस. मासे कधी आणू, एवढं विचारलं. म्हणाली, मी कळवीन, तोवर आणू नकोस. मी नाही आणणार.

आता निघतानाचं. दारात चपला घातल्या, आणि मी बघते तर ती भिंतीवरच्या बटनांकडे बघत उभी. तुला माहीत आहे ते तिचं उभं राहणं. तिने हात उचलला होता, तो खाली घेतला.

"हे आता तू बघ," ती म्हणाली. "मी पुष्कळ बघितलं."

आणि जिना उतरली. मी गॅलरीत गेले. रस्त्याने कोपऱ्यापर्यंत गेली, तिथे थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग ती कोपरा वळून गेली. मी पंधरा मिनिटं जिन्याकडे कान लावून बसले, पण पावलं आली नाहीत.

नंतर मी आत येऊन पंप बघितला. चालू होता. मला बाजारात जायचं होतं, म्हणून कुलूप लावून खाली उतरले, आणि कोपऱ्यावरून परत आले. पुन्हा बघितला.

तुझी मावशी